अटींनी बांधलेलं चर्च

पोलंडच्या नैर्ऋत्य भागात, व्रोत्सवाफ शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर श्विदनित्सा नावाचं गाव आहे. तिथलं 'शांततेचं चर्च' बाहेरून पाहिलं तर एखादं अवाढव्य धान्याचं कोठार वाटेल. काळपट लाकडाच्या उभ्या-आडव्या पट्ट्या, मधे लिंपलेल्या फिकट भिंती, वर उतरतं छप्पर. दारातून आत गेल्यावर आपण चुकून दुसऱ्याच इमारतीत शिरलो असं वाटतं. एकावर एक सज्जे, सज्ज्यांच्या कठड्यांवर चित्रं आणि बायबलमधली वचनं, रंगवलेलं छत, सोनेरी मुलामा दिलेल्या मूर्ती. रिकामी जागा शोधावी लागते.

बाहेरचा हा साधेपणा आणि आतली ही श्रीमंती दोन्ही एकाच कागदातून आली आहेत. तो कागद म्हणजे १६४८ चा वेस्टफालियाचा तह.

१६१८ ते १६४८ अशी तीस वर्षं मध्य युरोप युद्धात होरपळत होता. श्विदनित्सा ज्यात येतं तो सायलेशिया प्रांत तेव्हा हाब्सबुर्ग घराण्याच्या सम्राटाच्या ताब्यात होता. सम्राट फर्डिनांड तिसरा कट्टर कॅथलिक, आणि प्रांतातली बहुसंख्य प्रजा मार्टिन लुथरच्या प्रोटेस्टंट पंथाची. तहाच्या वाटाघाटींत स्वीडनने या प्रजेची बाजू लावून धरली. सम्राटाने अखेर जे दिलं ते अगदी मोजून-मापून: ज्या संस्थानांवर त्याचा थेट अंमल होता, त्यांपैकी तीन ठिकाणी, ग्वोगुफ, यावोर आणि श्विदनित्सा इथे, प्रत्येकी एकच चर्च बांधायला परवानगी. हे 'एकच' किती तोकडं होतं ते लवकरच दिसलं. १६५३-५४ मध्ये सायलेशियातली साडेसहाशेच्या आसपास चर्च लुथरपंथीयांकडून काढून कॅथलिकांना देण्यात आली. दूरदूरच्या गावांतल्या माणसांना प्रार्थनेसाठी या तीन जागांकडेच पाहावं लागणार होतं.

परवानगीसोबत अटीही आल्या. चर्च शहराच्या तटबंदीबाहेर हवं, पण तटावरच्या तोफेच्या टप्प्यात. दगड आणि विटा वापरायच्या नाहीत. लाकूड, माती, वाळू आणि पेंढा एवढंच चालेल. मनोरा नको, घंटा नको, बाहेरून चर्चसारखा दिसणारा आकार नको. खर्च ज्याचा त्याने करायचा. आणि सगळं काम वर्षभरात संपवायचं.

तोफेच्या टप्प्याची अट निव्वळ खुनशीपणातून आली नसावी. तटाबाहेरची भक्कम इमारत म्हणजे वेढा घालायला आलेल्या शत्रूला आयता बुरूज, ही भीती त्या काळच्या प्रत्येक किल्लेदाराला असे. बाकीच्या अटींचा सूर मात्र वेगळा आहे. माती आणि पेंढ्याची इमारत दोन-तीन पिढ्यांत आपोआप खाली बसेल आणि प्रश्न मिटेल, असा हिशेब त्यामागे असावा, असा तर्क पुढच्या लोकांनी केला. मलाही तो पटतो.

या अटी ज्याच्या हातात पडल्या तो माणूस होता आल्ब्रेख्ट फॉन झेबिश. व्रोत्सवाफच्या तटबंदीचं काम पाहणारा हा लष्करी स्थापत्यकार. दगड-विटांना हात लावायचा नाही अशी अट, आणि त्याची सगळी हयात किल्ले बांधण्यात गेलेली! यावोरचं चर्च १६५४-५५ मध्ये उभं राहिलं. श्विदनित्साची पायाभरणी ऑगस्ट १६५६ मध्ये झाली आणि पुढच्या जूनमध्ये तिथे पहिली प्रार्थना झाली. म्हणजे वर्षाची मुदतही पुरती वापरली नाही.

बांधणीची पद्धत आपल्याला परकी नाही. आधी लाकडाचा सांगाडा उभा करायचा: खांब, तुळया, तिरके आधार, सगळे खाचेत कुसू बसवून एकमेकांत अडकवलेले. मग मधल्या चौकटींत लाकडी पट्ट्या बसवून त्यांवर पेंढा कालवलेली माती लिंपायची. कोकणातली कुडाची भिंत ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. फक्त कारवी-बांबूच्या जागी इथे ओकचे ओंडके आहेत, आणि घराच्या जागी ४४ मीटर लांबीची इमारत. भार पेलतो तो सांगाडा. भिंत फक्त वारा-पाऊस अडवते. जुने वाडेही याच तत्त्वावर उभे असतात, म्हणून तर भिंत ढासळली तरी वाडा उभा राहिलेला आपण पाहतो. सम्राटाने माती-पेंढ्याकडे पाहिलं आणि इमारत कच्ची राहणार असं धरलं. सुतारांचा भरवसा मातीवर नव्हताच, लाकडावर होता. श्विदनित्साजवळच्या होखबेर्ग घराण्यातल्या सरदाराने या कामासाठी सुमारे २००० ओक वृक्ष दिले असं सांगतात. त्याच्या वंशजांसाठी आत स्वतंत्र सज्जा आहे. देणगीची परतफेड कशी करायची, हेही त्या लोकांना चांगलं कळत होतं.

आता सज्ज्यांबद्दल. अख्ख्या संस्थानाला एक चर्च, म्हणजे एका रविवारी हजारो माणसं. लुथरच्या पंथात प्रवचनाला फार महत्त्व, त्यामुळे प्रत्येकाला धर्मगुरू दिसला पाहिजे आणि त्याचा शब्द ऐकू आला पाहिजे. लांबच लांब दालन काढून हे साधत नाही. मागे बसलेल्यांना काहीच ऐकू येत नाही. म्हणून जागा उंचीत शोधली. यावोरला चार मजली सज्जे आहेत. श्विदनित्साच्या चर्चचा आराखडा क्रुसाच्या आकाराचा असून आत साडेसात हजार माणसं मावतात, त्यांतली तीनेक हजार बसून. लाकडी सांगाड्याची एवढी मोठी धार्मिक इमारत युरोपात दुसरी नाही, आणि ती कोपऱ्यातल्या एका छोट्या गावात आहे.

सज्जे आले तशी कठड्यांची लांबच लांब फळी मिळाली, आणि तीच चित्रकारांची भिंत झाली. यावोरला गेओर्ग फ्लेगेल याने १६७१ ते १६८१ अशी दहा वर्षं खपून बायबलमधले १४० हून अधिक प्रसंग रंगवले. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी सज्ज्याभोवती नजर फिरवली की अख्खी कथा क्रमाने समोर. आपल्याकडे चित्रकथी एकेक पोथीचित्र पुढे धरून गोष्ट सांगत, तसंच काहीसं. इथे चित्रं जागेवर आणि नजर फिरती. उरलेल्या सज्ज्यांवर सरदार घराण्यांची चिन्हं आहेत. श्विदनित्साला निरनिराळ्या व्यवसायांच्या संघांनी आपापल्या सज्ज्यांवर स्वतःची छाप सोडली. कोण कुठे बसतो यावरून गावाची उतरंड वाचता येते, आणि ही गोष्ट कुठल्याही गावाला लागू पडते.

श्विदनित्साचं छत १६९४ ते १६९६ या काळात झ्युसेनबाख आणि कोलिचकी या दोन चित्रकारांनी रंगवलं. दोघांचंही पहिलं नाव ख्रिस्टियान. विषय निवडला तो बायबलच्या अखेरच्या पुस्तकातला: बाबिलोनचा पाडाव, अंतिम निवाडा, स्वर्गीय जेरुसलेम. ज्यांची चर्च चाळीसेक वर्षांपूर्वी काढून घेतली होती, त्यांच्या डोक्यावर 'जुलमी नगरी कोसळते' हे चित्र लटकत होतं. तक्रार करायची ही एक रीत झाली, आणि ती छताच्या आत असल्याने तटावरून दिसत नव्हती.

लाकूडकामात मला सर्वांत जास्त वेळ रोखून धरणाऱ्या दोन वस्तू गॉटफ्रीड आउगुस्ट हॉफमान या शिल्पकाराच्या आहेत. पहिली म्हणजे १७२९ चं उपदेशपीठ, धर्मगुरू जिथे उभं राहून प्रवचन देतो ती उंच जागा. त्याच्या कठड्यावर श्रद्धा, आशा आणि प्रेम यांच्या मूर्ती आहेत, आणि त्यावर ठेवलेलं वाळूचं घड्याळ एका नळीचं नाही, चार नळ्यांचं आहे. प्रवचन लांबलं तर वाळू सांगे. दुसरी वस्तू १७५२ ची मुख्य वेदी, तहात कबूल केलेली परवानगी १६५२ मध्ये प्रत्यक्ष हाती आली, तिच्या शंभरीनिमित्त केलेली. त्या काळच्या बरोक, म्हणजे भरगच्च सजावटीच्या, शैलीतले कारागीर लाकूड रंगवून त्याला संगमरवराचा भास आणत, ती त्यांची नेहमीची युक्ती. इतरत्र तिचा हेतू खर्च वाचवणं हा असतो. जिथे दगडाला कायद्यानेच बंदी होती तिथे ती बघताना थोडं हसू येतं.

वेदी घडेपर्यंत राजकारण दोनदा पालटलं होतं. १७०७ मध्ये स्वीडनचा राजा चार्ल्स बारावा याने आल्टरानश्टेटच्या करारात सम्राट जोसेफ पहिला याच्याकडून सवलती मिळवल्या. आणखी सहा चर्च बांधायला परवानगी मिळाली आणि जुन्यांना मनोरे उभारता आले. श्विदनित्साचा घंटामनोरा १७०८ चा आहे आणि तो चर्चला जोडलेला नाही, आवारात वेगळा उभा आहे. नंतर १७४० च्या दशकात सायलेशिया प्रशियाच्या फ्रेडरिक दुसऱ्याकडे गेला आणि लुथरपंथीयांवरची बंधनं संपली. तेव्हा लाकडी चर्च पाडून दगडी बांधायला कुणी अडवलं नसतं. कुणी पाडलं नाही. सप्तवार्षिक युद्धात (१७५६-६३) श्विदनित्सा शहर चार वेळा एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेलं, तरी तटाबाहेरची ही मातीची इमारत टिकली.

खरी उलथापालथ १९४५ मध्ये झाली. सायलेशिया पोलंडकडे आला, जर्मन रहिवाशांना घालवून देण्यात आलं, आणि सोव्हिएत संघाने घेतलेल्या पूर्वेकडच्या भागातून पोलिश कुटुंबं इथे आली. (कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत १९४३ ते १९४८ या काळात राहिलेले पाचेक हजार पोलिश निर्वासितही मूळचे बहुतांशी त्याच पूर्व भागातले. त्यांच्यापैकीही अनेकांना परतायला गाव उरलं नव्हतं.) नवे रहिवासी कॅथलिक, त्यामुळे साडेसात हजारांच्या चर्चला मूठभर लुथरपंथीय उरले. दुरुस्तीसाठी पुढे पोलिश आणि जर्मन तज्ज्ञ एकत्र आले. २००१ मध्ये यावोर आणि श्विदनित्सा ही दोन्ही चर्च युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली.

तिसऱ्याचं, म्हणजे ग्वोगुफच्या चर्चचं काय? ते १७५८ च्या आगीत जळालं. त्याच्या जागी नवं चर्च आलं, या वेळी पक्क्या बांधकामाचं. स्थापत्यकार होता तरुण कार्ल गॉटहार्ड लांगहान्स, ज्याने पुढे बर्लिनचा ब्रांडेनबुर्ग दरवाजा बांधला. दुसऱ्या महायुद्धात ग्वोगुफ उद्ध्वस्त झालं, त्यात तेही गेलं.