उंच पंट कुठे पडणार, हे रिटर्नरच्या डोळ्यांना कसे कळते?

२१ ऑक्टोबर २०२३ रोजी आयोवा सिटीतील किनिक स्टेडियममध्ये आयोवा आणि मिनेसोटा या दोन विद्यापीठांचा अमेरिकी फुटबॉलचा सामना संपत आला होता. मिनेसोटाच्या खेळाडूने लांब लाथाडलेला चेंडू, म्हणजे पंट, टप्पा पडल्यानंतर आयोवाचा रिटर्नर (असा चेंडू परत घेऊन धावणारा खेळाडू) कूपर डिजीन याने उचलला आणि ५४ यार्ड धावत जाऊन, गोलरेषा ओलांडून त्याने टचडाउन केला. प्रेक्षकांचा जल्लोष चालू असतानाच पंचांनी चित्रफीत पुन्हा पाहिली आणि टचडाउन रद्द केला. चेंडू येत असताना डिजीनने डावा हात हलवला होता, तो नियमाप्रमाणे ‘सदोष फेअर कॅच खूण’ ठरत होता आणि अशी खूण केल्यावर चेंडू हाती येताच खेळ थांबतो. (फेअर कॅच म्हणजे मी झेलल्यावर पळणार नाही, पण मला कोणी धक्का देऊ नये, असे हात हलवून सांगणे.) मिनेसोटाने सामना १२-१० असा जिंकला.

त्यानंतर सगळी चर्चा त्या डाव्या हाताची झाली. एक साधी गोष्ट मात्र बाजूलाच राहिली. चेंडू आपल्यापर्यंत न पोहोचता आधीच टप्पा खाणार, असे रिटर्नरच्या लक्षात आले की तो सहकाऱ्यांना दूर राहण्यासाठी हाताने खुणावतो, कारण चेंडू त्यांच्यापैकी कोणाला चुकून लागला तर प्रतिस्पर्धी त्यावर झडप घालून ताबा मिळवू शकतात. म्हणजे चेंडू हवेत असतानाच तो कुठे पडणार, हे रिटर्नरला कळलेले असते. ते कसे कळते, हा खरा मौजेचा प्रश्न आहे.

हा खेळ अपरिचित असलेल्यांसाठी थोडक्यात सांगायचे तर, अमेरिकी फुटबॉलमध्ये संघाला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. तीन प्रयत्नांत काम झाले नाही, तर चौथ्या वेळी संघ बहुधा चेंडू लांब लाथाडून प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करतो. या लाथेला पंट म्हणतात, आणि पलीकडे तो झेलून परत धावत आणणारा तो रिटर्नर. अशा प्रसंगी मैदानात उतरणारे खास गट म्हणजे स्पेशल टीम्स.

सर्वांत लांब गेलेला पंट सर्वांत चांगला, असा नवख्या प्रेक्षकाचा समज असतो आणि तो चुकीचा आहे. महत्त्व असते ते चेंडू हवेत किती वेळ राहतो याला, म्हणजेच हँग टाइमला. साडेचार सेकंदांचा हँग टाइम चांगला मानला जातो आणि पाच सेकंदांचा उत्कृष्ट. हवेचा रोध क्षणभर विसरला, तर साडेचार सेकंद हवेत राहण्यासाठी चेंडूला सुमारे २२ मीटर प्रतिसेकंद एवढा ऊर्ध्व वेग द्यावा लागतो आणि तो सुमारे २५ मीटर उंच जातो. एवढा वेळ हवा असतो तो मागून धावत येणाऱ्यांसाठी. पंटर, म्हणजे पंट लाथाडणारा, खेळ जिथून सुरू होतो त्या रेषेच्या सुमारे १५ यार्ड मागे उभा असतो आणि चेंडू त्याच्याकडे फेकला गेल्यापासून लाथ बसेपर्यंत साधारण दोन सेकंद जातात. कॉलेजच्या नियमांनुसार लाथाडणाऱ्या संघाचे सगळेच खेळाडू चेंडू फेकला जाताच पुढे धावू शकतात. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये लाथ बसण्यापूर्वी ही मुभा फक्त दोन टोकांच्या खेळाडूंना, म्हणजे गनरना असते. कॉलेजच्या गनरला अशा रीतीने एकूण साडेसहा सेकंद मिळतात आणि वेगवान गनर ४० यार्ड साडेचार सेकंदांच्या आत कापतो. त्याला कोणी अडवलेच नाही, तर तो चेंडूच्या आधी रिटर्नरसमोर येऊन उभा राहील. म्हणून पंट परतवण्याच्या डावपेचात निम्मे कष्ट गनरला अडवण्यातच खर्ची पडतात. उलट पंट लांब पण सपाट गेला, तर रिटर्नरला मोकळे रान मिळते. पंटरने आपल्याच माणसांना मागे टाकले, असे मग म्हटले जाते.

आता रिटर्नरच्या जागी जाऊन उभे राहू. त्याला चेंडूकडे पाहायचे आहे, धावत येणाऱ्यांचा अंदाज घ्यायचा आहे आणि फेअर कॅच मागायचा की पळायचे हे ठरवायचे आहे. चेंडू जवळजवळ सरळ त्याच्या दिशेने येत असल्यामुळे तो किती लांब आहे हे दोन डोळ्यांच्या दृष्टिभेदावरून कळणे अवघड असते, कारण ५० मीटरवर तो भेद नगण्य होतो. त्याच्या डोळ्यांना खात्रीने मिळते ती एकच गोष्ट, ती म्हणजे चेंडूचा उन्नत कोन. शाळेत मनोऱ्याची उंची काढताना आपण वापरला तोच कोन.

सेव्हिल चॅपमन या भौतिकशास्त्रज्ञाने १९६८ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये बेसबॉलच्या झेलाविषयी एक छोटा लेख लिहिला, आणि त्यातील गणित मला कितीही वेळा मांडले तरी कंटाळा येत नाही. चेंडू एकूण T सेकंद हवेत राहणार आहे असे समजू. t सेकंदांनी त्याची उंची असते (g/2) × t × (T − t), इथे g म्हणजे गुरुत्वत्वरण. क्षितिजसमांतर वेग v असेल, तर चेंडू जिथे पडणार आहे नेमक्या त्याच जागी उभ्या असलेल्या माणसापासून त्याचे आडवे अंतर उरते v × (T − t). उन्नत कोनाचा टॅन म्हणजे उंची भागिले अंतर. भागाकार करताना (T − t) वर आणि खाली दोन्हीकडे येतो आणि कटून जातो. उरते एवढेच: tan = (g/2v) × t.

काटछाट झाल्यावर शिल्लक राहिलेल्या या सूत्रात T नाही. किती वेळ लागणार हे माहीत नसले तरी चालते. तुम्ही योग्य जागी उभे असाल, तर कोनाचा टॅन ठरावीक गतीने, एकसारखा वाढत राहतो.

हे आकड्यांत पाहू. ५०.४ मीटरचा, साडेचार सेकंदांचा पंट घेतला, तर v ११.२ मीटर प्रतिसेकंद येतो. योग्य जागी उभ्या असलेल्या रिटर्नरला पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या सेकंदाला टॅन अनुक्रमे ०.४४, ०.८८, १.३१ आणि १.७५ दिसतो. दर सेकंदाला तेवढीच भर पडते. कोनाच्या भाषेत हे २४, ४१, ५३ आणि ६० अंश होतात, म्हणजे नजर वर वर जात राहते पण तिची गती मंदावत जाते. आता तोच रिटर्नर पाच मीटर पुढे, पंटरच्या बाजूला सरकून उभा आहे असे धरा. त्याला ०.५०, १.०७, १.८७ आणि मग एकदम १६ दिसेल. चेंडू त्याच्या डोक्यावरून जाणार. पाच मीटर मागे असेल, तर ०.३९, ०.७४, १.०१ आणि पुन्हा खाली ०.९२, चेंडू त्याच्या पुढ्यात पडणार. पहिल्या सेकंदाला तिन्ही आकडे जवळपास सारखेच असतात, हेही पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या सेकंदापासून ते वेगळे होऊ लागतात, म्हणूनच कसलेले रिटर्नरही चेंडू हवेत गेल्या गेल्या ठाम दिशा न पकडता आधी थोडी चुळबुळ करतात.

यातून धावण्याचा नियम तयार होतो. टॅन वाढण्याची गती वाढत असेल तर मागे जा, कमी होत असेल तर पुढे ये, आणि ती स्थिर राहील अशा बेताने पाय हलवत राहा. चेंडू कुठे पडेल याचे गणित डोक्यात करावे लागत नाही. पीटर मॅक्लाउड आणि झोल्टान डिएनेस यांनी १९९३ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात झेल घेण्यासाठी धावणाऱ्यांचे चित्रण तपासले, तेव्हा ही माणसे टॅनचे त्वरण शून्याच्या आसपास ठेवत धावताना आढळली. ती आधीच जागा हेरून तिथे जाऊन थांबत नव्हती, तर चेंडूबरोबरच त्या जागी पोहोचत होती. क्रिकेटमध्ये सीमारेषेवरचा उंच झेल घेणारा क्षेत्ररक्षक शेवटच्या पावलापर्यंत हलत राहतो, तेही याच कारणाने. चेंडू बाजूला जात असेल, तर प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. मायकेल मॅकबीथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली ‘सायन्स’मध्ये सुचवले, की अशा वेळी खेळाडू चेंडूचा दृश्य मार्ग सरळ रेषेत दिसत राहील असे धावतो. या दोन मांडण्यांपैकी कोणती केव्हा लागू पडते यावर अभ्यासकांत वाद झाले आहेत. माझा कल चॅपमनच्या बाजूला आहे, कारण समोरून येणाऱ्या पंटला तीच मांडणी नेमकी बसते.

समालोचक अशा झेलाला दैवी देणगी म्हणतात, सहावे इंद्रिय म्हणतात, आणि आपल्याकडे त्याला हातगुण म्हटले जाईल. पाचव्या इंद्रियापर्यंतही जावे लागत नाही. डोळे आणि तोल पुरतात. फ्रिस्बी पकडणाऱ्या कुत्र्यांवर कॅमेरे बसवून केलेल्या २००४ सालच्या अभ्यासात कुत्रीही अशीच दृश्य मार्गाच्या आधारे धावताना दिसली, आणि कुत्र्याची पत्रिका पाहून त्याची निवड केल्याचे कोणी नोंदवलेले नाही.

वरच्या गणितात मात्र हवा नव्हती, आणि पंट अवघड होतो तो हवेमुळेच. चेंडू दोन्हीकडे निमुळता, साधारण ११ इंच लांब असतो. तो स्वतःच्या लांब अक्षाभोवती फिरत गेला, तर त्याला स्पायरल म्हणतात. न फिरणाऱ्या अशा चेंडूवर हवेचा दाब गुरुत्वमध्याच्या पुढे लागतो, त्याचे नाक वर उचलले जाते आणि तो कोलांट्या खातो. फिरणाऱ्या चेंडूला कोनीय संवेग असतो. त्यामुळे तोच दाब नाकाला वर न ढकलता बाजूला वळवतो आणि चेंडूचा अक्ष त्याच्या गतीच्या दिशेभोवती छोटासा शंकू रेखाटत राहतो, हे परांचन. गतीची दिशा खाली झुकू लागली, की शंकूही तिच्यामागे झुकतो आणि चेंडू नाक खाली घालून उतरतो. रिचर्ड प्राइस, विल्यम मॉस आणि टिमथी गे यांनी हाताने फेकलेल्या चेंडूच्या बाबतीत हे कोडे २०२० साली त्याच ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये उलगडले. शंकूचा मध्य गतीच्या दिशेपासून किंचित बाजूला असतो आणि त्यामुळे चेंडू उतरताना एका बाजूला सरकतो. डावखुऱ्या पायाच्या पंटरची फिरकी उलटी असते, म्हणून हे सरकणेही उलट बाजूला होते. ज्याने आयुष्यभर उजव्या पायाचे पंट झेलले, त्याचे हात मग शेवटच्या क्षणी फसतात. ज्या चेंडूचे नाक वेळेवर झुकत नाही, तो हवेत अडतो आणि आखूड पडतो. तोवर स्थिर वाढत असलेला टॅन शेवटच्या सेकंदात दगा देतो.

गेल्या काही वर्षांत कॉलेज फुटबॉलमध्ये ऑस्ट्रेलियन पंटरांची गर्दी झाली आहे. सर्वोत्तम पंटरला दिला जाणारा रे गाय पुरस्कार युटा विद्यापीठाच्या टॉम हॅकेटने २०१४ आणि २०१५ साली, तर टेक्सासच्या मायकेल डिक्सनने २०१७ साली मिळवला. दोघेही ऑस्ट्रेलियाचे. तिकडच्या फुटबॉलमध्ये धावता धावता लाथाडण्याची सवय असते. असा पंटर बाजूला धावत जातो आणि त्याचे खेळाडू तेवढा वेळ पुढे पळत राहतात. लाथ कोणत्या क्षणी आणि कोणत्या कोनातून बसेल, हे रिटर्नरला आधी ठरवता येत नाही. चेंडू सपाट गेला तर हवेतील वेळही कमी, म्हणजे टॅनचे आकडे वेगळे होण्याआधीच चेंडू जमिनीवर.

त्यांचा दुसरा हुकमी फटका म्हणजे ड्रॉप पंट. यात चेंडू टोकावरून टोकावर, उलट्या फिरकीने जातो आणि पडल्यावर पुढे न पळता थबकतो किंवा मागे येतो. याच्यापुढे रिटर्नरला शिकवलेला नियम मोडकळीला येतो. टाचा स्वतःच्या १० यार्ड रेषेवर, म्हणजे आपल्या गोलरेषेपासून १० यार्डांवर ठेवायच्या आणि टॅन मागे जा म्हणत असला, तरी मागे जायचे नाही, असा तो नियम आहे. चेंडू एंड झोनमध्ये, म्हणजे गोलरेषेमागच्या पट्ट्यात गेला, तर संघाला तो आपोआप २० यार्ड रेषेवर मिळतो. स्पायरल टप्पा खाऊन बहुधा आत घरंगळत जातो, म्हणून तिथे हा हिशेब जमतो. ड्रॉप पंट पाच यार्डांवर पडून तिथेच अडला, तर धावत आलेला गनर तो शांतपणे थांबवतो आणि रिटर्नरच्या संघाला तिथूनच सुरुवात करावी लागते. अंडाकृती चेंडू कोणत्या टोकावर आणि किती तिरका आपटेल, हे उन्नत कोनातून कळत नाही, त्यामुळे चेंडू मागे पडणार हे ओळखूनही त्याचे पुढे काय होणार हे रिटर्नरला सांगता येत नाही. अशा वेळी काही प्रशिक्षक रिटर्नरला चेंडूपासून दहा-बारा यार्ड बाजूला पळत जाऊन झेलाचे सोंग करायला शिकवतात, म्हणजे वर न पाहता पळत येणारा गनर त्याच्यामागे जातो आणि टप्पा खाल्लेल्या चेंडूला आत घरंगळायला आणखी एखादा सेकंद मिळतो.