रॉड बसणं आणि हाड जुळणं

नडगीचं हाड मोडल्यावर खान्देशातून येणारा पहिला प्रश्न असतो, "रॉड टाकला का प्लेट?" आणि दुसरा, "मग आता जुळलं ना?" पहिल्याला माझी हरकत नाही. दुसऱ्याने मात्र माझं डोकं उठवलंय. माझी भूल पुरती उतरलीही नव्हती तेव्हा अमळनेरहून मामांचा आवाज कानावर आला, "रॉड टाकी दिधा ना? मंग व्हयनं काम. हाड जुडनं."

हाड जुळलेलं नव्हतं. मोडलेली दोन टोकं समोरासमोर आणून धरून ठेवली होती, एवढंच. रॉड बसवणं हे तास-दोन तासांचं काम आणि ते सर्जन करतो. हाड जुळणं हे महिन्यांचं काम आणि ते आपलं शरीर करतं. आपल्याकडे मात्र या दोन्हींना मिळून एकच वाक्य आहे: "ऑपरेशन झालं."

मी राहतो जर्मनीत. जानेवारीतली सकाळ, फुटपाथवर पाण्याचा पातळ थर काचेसारखा गोठलेला, दिसतसुद्धा नाही असा. मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांत वाढलेल्या पायांना त्याची ओळख कुठून असणार? पाय एकीकडे गेला, मी एकीकडे, आणि नडगी पिळवटून मोडली. रॉड, प्लेट, स्क्रू म्हणजे काय ते सांगत बसत नाही. ज्या घरात मोटरसायकल आहे त्या घरात ते एक्स-रेसकट माहीत असतं. "जर्मनीत केलं म्हणजे पक्कंच" हेही एकदा डोक्यातून काढा. हाडाच्या पोकळीत रॉड घालायची पद्धत कील शहरातल्या गेरहार्ड क्युंचर या सर्जनने १९३९-४० च्या सुमारास आणली हे खरं, पण आज तेच ऑपरेशन जळगाव-धुळ्यातही होतं. टायटॅनियम चांगलं की स्टील, यावरही रात्र जागवू नका. दोन्ही चालतात.

आता मुद्द्याचं. घराचा स्लॅब टाकताना सगळ्यांनी पाहिलेला असतो. ज्या दिवशी टाकला त्या संध्याकाळीही स्लॅब वर जागच्या जागी असतो, पण तो स्वतःच्या बळावर नव्हे, खालच्या सेंटरिंगच्या बळावर. वरून रोज पाणी मारायचं, वाट बघायची, आणि मिस्त्री हो म्हणेपर्यंत बल्लीला हात लावायचा नाही. रॉड किंवा प्लेट म्हणजे हे सेंटरिंग. हाड म्हणजे स्लॅब. उपमा शेवटपर्यंत जात नाही, कारण सेंटरिंग काढावंच लागतं आणि रॉड आयुष्यभर आत राहिला तरी बिघडत नाही. पण संध्याकाळी स्लॅब वर दिसला म्हणून त्यावर विटांचा ट्रक रिकामा करायचा नसतो, एवढं तरी त्यातून कळतं.

इथवर सगळे मान डोलावतात. खरा घोळ पुढे आहे, आणि तो शिकलेल्या माणसांचाही होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपिस्ट आली, दोन कुबड्या हातात दिल्या आणि मला उभं केलं. सोसेल तेवढा भार टाक म्हणाली. व्हिडिओ कॉलवर माय रडायला लागली: "आठ दिन बी नही व्हयनात आन तुले उभा कया?" मामांनी त्याच कॉलवर निकाल दिला की आता पोरगा बरा झाला, मे महिन्यातल्या लग्नाला यायला हरकत नाही. एक रडत होती, एक खूश होते, आणि दोघं एकच चूक करत होते. चालायची परवानगी मिळाली की नाही यावरून ते हाडाचा हिशोब लावत होते.

त्याच महिन्यात चोपड्याची एक मुलगी, इथे शिकायला आलेली, जिन्यावरून पडली. तिचंही नडगीचंच हाड, पण अगदी वरच्या टोकाला, गुडघ्याच्या सांध्यात भेग गेलेलं. तिला प्लेट आणि स्क्रू. तिला सांगितलं गेलं, सहा आठवडे या पायावर २० किलोपेक्षा जास्त भार नाही. २० किलो म्हणजे किती ते कळावं म्हणून फिजिओने जमिनीवर साधा वजनकाटा ठेवला आणि काटा २० वर येईपर्यंत पाय दाबायला लावला, पुन्हापुन्हा, पायाला अंदाज बसेपर्यंत. तिच्या घरी काय चर्चा झाली ते सांगायला नको. अमळनेरचा पोरगा दुसऱ्या दिवशी चालला, आपली महिना झाला तरी कुबड्यांवर, म्हणजे हिचं ऑपरेशन बिघडलं, डॉक्टर बदला.

ऑपरेशन बिघडलं नव्हतं. रॉड हाडाच्या पोकळीत, बरोबर मधोमध असतो. शरीराचा भार वरून सरळ खाली येतो, तो रॉड आणि हाड वाटून घेतात. शिवाय माझी मोड हाडाच्या मध्यावर होती, सांधा शाबूत. प्लेट हाडाच्या बाजूला, बाहेरून लावलेली असते; भार आला की ती वाकायला बघते. आणि तिच्या बाबतीत सांध्याची तुटलेली गादी स्क्रूंनी वर उचलून धरली होती. त्यावर पूर्ण वजन आलं असतं तर ती पुन्हा खाली बसली असती आणि गुडघा जन्मभर कुरकुरला असता. म्हणजे "चाल" आणि "चालू नको" ही दोन्ही उत्तरं धातू किती सोसेल आणि सांधा किती सोसेल याबद्दलची होती. हाड किती जुळलं हा प्रश्न त्यात आलाच नव्हता.

पुढचं तर कुणालाच पटत नाही. तिचं हाड माझ्या आधी जुळलं. सांध्याजवळचं हाड स्पंजासारखं, रक्ताने भरलेलं असतं, ते लवकर धरतं. तिचं बाराव्या आठवड्याला जुळलेलं दिसलं. नडगीच्या मधल्या भागावर पुढून नुसती कातडी असते, मांस जवळजवळ नाही, रक्तपुरवठा बेताचा. तिथे चार-पाच महिने सहज जातात. माझ्या एक्स-रेवर डॉक्टर हो म्हणाले ते पाचव्या महिन्यात. दुसऱ्या दिवशी चालणारा पाचव्या महिन्यात जुळला, आणि सहा आठवडे पाय अलगद टेकवणारी तिसऱ्या महिन्यात. हे उदाहरण मी आता पाठ करून ठेवलंय.

मग चालता येतंय तर हाड जुळायची घाई कशाला, असं एका मित्राने विचारलं. कारण धातू थकतो. बांधकामावरची बाइंडिंग तार एकदा वाकवली तर काही होत नाही, इकडून तिकडे वाकवत राहिलं की तुटते. रॉडवर प्रत्येक पावलाला थोडा ताण येतो. हाड वेळेत जुळलं की तो ताण हाड उचलतं आणि रॉड सुटतो. हाड जुळलंच नाही तर रॉड किंवा त्याचे स्क्रू कधीतरी तुटतातच, कितीही महागडे असोत. "रॉड हलक्या दर्जाचा होता, तुटला" असं गावात ऐकू येतं तेव्हा बऱ्याचदा आधी फसलेलं असतं ते हाड.

हाड जुळलं हे कळतं कसं? दुखायचं थांबतं हे एक. दुसरं, एक्स-रे दोन बाजूंनी काढतात, समोरून आणि कडेने. प्रत्येकात हाडाच्या दोन कडा दिसतात, मिळून चार. त्यातल्या तीन कडांवर नवं हाड पूल बांधून आरपार गेलं की साधारणपणे जुळलं असं धरतात. रॉडच्या केसमध्ये मोडीभोवती ढगासारखा पांढरा गोळा दिसतो. पहिल्यांदा पाहिलं की माणूस घाबरतो, पण तो दिसला तर पेढे वाटावेत. तेच नवं हाड. प्लेट घट्ट दाबून बसवलेली असेल तर गोळा जवळजवळ येतच नाही, भेग गुपचूप पुसट होत जाते. तेव्हा रॉडवाल्याने प्लेटवाल्याचा एक्स-रे फोनवर पाहून "तुझं काहीच भरलेलं नाही" असं कृपा करून सांगू नये.

तिसऱ्या महिन्यात माझा ढग फारच कोवळा होता, म्हणून रॉडचा एक स्क्रू काढला. दोन टोकांवर भार येऊन ती एकमेकांवर दाबली जावीत म्हणून हे करतात. फोनवर ही बातमी "स्क्रू ढिला झाला" अशी पोचली. पुढचं तुम्ही समजा.

आणखी एक चीड येते ती कॅलेंडरची. आपल्याकडे एकवीस दिवस किंवा सव्वा महिना, इथल्या आपल्या मंडळींकडे सहा आठवडे. सहा आठवड्यांचं कारण वेगळंच आहे. जर्मनीत आजारपणात पहिले सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते. त्यानंतर सरकारी पद्धतीच्या विम्यात असलेल्यांना विमा संस्था पैसे देते, कपातीच्या आधीच्या पगाराच्या ७० टक्के, आणि हातात पडणाऱ्या पगाराच्या ९० टक्क्यांहून जास्त नाही. हा पगाराचा नियम आहे, हाडाचा नव्हे. तरी सातव्या आठवड्यात "अजून सुट्टीवर?" असं विचारणारे भेटतात, आणि विचारणारे नेहमी आपलेच असतात. जर्मन सहकाऱ्यांपैकी एकानेही विचारलं नाही.

खाण्यापिण्याबद्दल थोडक्यात. डिंकाचे लाडू, पायाचं सूप, हाडजोडीचा वेल, सगळं प्रेमाने पाठवतात, खा. पण जो मामा लाडू पाठवतो तोच पुडी मळत फोनवर बोलतो, आणि भाच्यालाही तीच सवय असते. तंबाखू, विडी, सिगरेट यांनी हाड उशिरा जुळतं, कधी जुळतच नाही. साखरेचा आजार आटोक्यात नसेल तरी तसंच. इथल्या हिवाळ्यात ऊन नसतं, त्यामुळे ड जीवनसत्त्व तपासून घ्या. गावाकडे गेल्यावर हाड बसवणाऱ्याकडून तेल चोळून घेऊ नका. आत रॉड असताना तो नक्की काय बसवणार?

विमानाचं. पायाच्या ऑपरेशननंतर रक्ताची गाठ होण्याची भीती असते. इथे रोज पोटात टोचायचं इंजेक्शन देतात, ते आपलं आपणच घ्यायचं. फ्रँकफर्ट ते मुंबई आठ-साडेआठ तास, मग रात्रभर रेल्वे. मी लग्नाला गेलो नाही. मामा अजून बोलून दाखवतात.

रॉड काढायचा का? मी काढणार नाही. नडगीचा रॉड गुडघ्यातून घालतात, त्यामुळे मोड नडगीत आणि दुखणं गुडघ्यात, असं पुष्कळांना होतं. मलाही मांडी घालून उठताना जाणवतं. पण तेवढ्यासाठी पुन्हा भूल, पुन्हा टाके मला नकोत. तुम्हाला काढायचाच असेल आणि भारतात येऊन काढायचा असेल, तर परदेशातून निघण्याआधी ऑपरेशनचा लेखी अहवाल मागून घ्या. डिस्चार्जचा कागद वेगळा, तो नको. कोणत्या कंपनीचा रॉड, किती जाडीचा, किती लांबीचा, कोणते स्क्रू, हे ऑपरेशनच्या अहवालात असतं. स्क्रूच्या डोक्याला कुणाचा षटकोनी खळगा, कुणाचा चांदणीचा. बरोबर पेचकस नसेल तर चांगला सर्जनही टेबलावर अडतो. चोपड्याच्या मुलीने फक्त एक्स-रेची सीडी नेली, आणि जळगावच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न पेचकसाचाच विचारला. तिला तो अहवाल जर्मनीहून मागवायला पाच आठवडे लागले.

माझ्या अहवालाच्या दोन प्रती आहेत. एक इथे, आणि एक अमळनेरच्या घरी लोखंडी कपाटात, शेताच्या सातबाऱ्याशेजारी.