प्राणवायूची उणीव ओळखणारी जनुके आणि स्तनाचा कर्करोग : पार्श्वभूमी

गाठीच्या आतल्या भागाला प्राणवायू पुरत नाही, हे फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या अभ्यासातून १९५५मध्ये पुढे आले होते. मात्र पेशीला ही उणीव कळते कशी, याचा उलगडा व्हायला २००१ साल उजाडले. प्राणवायू असेपर्यंत पीएचडी नावाची विकरे एचआयएफ या प्रथिनावर (प्राणवायू कमी पडल्यावर पेशीला तग धरायला मदत करणाऱ्या प्रथिनावर) खूण करतात, व्हीएचएल हे दुसरे प्रथिन ती ओळखते आणि एचआयएफ नष्ट केले जाते. मूत्रपिंडाच्या काही कर्करोगांत व्हीएचएलचे जनुक मेथिलेशनमुळे, म्हणजे डीएनएवर चिकटणाऱ्या रासायनिक खुणांमुळे, बंद पडते, हे १९९४पासून माहीत असल्याने स्तनाच्या कर्करोगात पीएचडी जनुकांचेही तसेच होत असावे, या अपेक्षेने शोध सुरू झाला.

खरा वाद मोजणीचा आहे. १९९६मध्ये आलेली मेथिलेशन-विशिष्ट पीसीआर चाचणी (डीएनएच्या प्रती वाढवून खूण शोधणारी) हजारातली एखादी मेथिलेशन झालेली प्रतही हेरते, त्यामुळे ‘पॉझिटिव्ह’ ठरलेल्या गाठीतल्या बहुतेक पेशींत ते जनुक व्यवस्थित चालू असू शकते. असे नमुने सरसकट ‘जनुक बंद’ या रकान्यात धरणे ही या क्षेत्रातली सर्वांत महागात पडलेली गोष्ट म्हटली पाहिजे. त्यातच प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढवलेल्या कर्कपेशींत मेथिलेशन साचत जाते. तिथे पीएचडी-३ (पीएचडी जनुकांपैकी एक) बंद दिसले, म्हणून रुग्णाच्या गाठीतही ते बंद असेल, असे मानता येत नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे नातेवाईक रुग्णाच्या गाठीचा तुकडा मेणात जपलेला पॅराफिनचा ब्लॉक आणि काचपट्ट्या पिशवीत जपून मुंबईला नेतात, तेव्हा त्या ब्लॉकमधून काय मोजता येईल हेही याच वादात मोडते. काढलेली गाठ फॉर्मेलिनमध्ये टाकायला उशीर झाला, तर रक्तपुरवठा तुटलेल्या त्या तुकड्यात एचआयएफची पातळी बदलू शकते. मेथिलेशन त्या मानाने टिकाऊ असल्याने ते मोजण्याकडे ओढा वाढला. पण फॉर्मेलिनने आधीच तुटलेला डीएनए चाचणीत मेथिलेशन ओळखण्यासाठी वापरलेल्या बायसल्फाइट या रसायनाने आणखी तुटतो आणि उरलेल्या मोजक्या प्रतींवरून काढलेला आकडा डळमळीत ठरतो.

२०१६मध्ये कार्यकारणाचा क्रमच उलटा असू शकतो असे दिसले. मेथिलेशन पुसण्याच्या कामी येणाऱ्या टेट विकरांनाच प्राणवायू लागतो. तो कमी पडला की एचआयएफच्या मध्यस्थीशिवायही मेथिलेशन साचते. म्हणजे जनुक बंद पडल्यामुळे प्राणवायूची जाणीव बिघडली, की प्राणवायू नसल्यामुळे जनुक बंद पडले, हे एकाच बायॉप्सीवरून सांगता येत नाही. २०१९च्या नोबेलने पीएचडी-व्हीएचएलची साखळी सर्वांसमोर आणली आणि २०२१मध्ये एचआयएफ-२ (एचआयएफचा एक प्रकार) रोखणारे औषध व्हीएचएल विकारातील, म्हणजे या जनुकातल्या आनुवंशिक बिघाडामुळे होणाऱ्या, गाठींसाठी अमेरिकेत मंजूर झाले. स्तनाच्या कर्करोगात मात्र खानदेशातल्या रुग्णाच्या हाती पडणाऱ्या रिपोर्टवर आजही प्रामुख्याने ईआर, पीआर (दोन संप्रेरकांचे ग्राही) आणि हर-२ (पेशीच्या वाढीशी निगडित प्रथिन) ही नावे असतात, आणि उपचारांची दिशा ठरवताना त्यांचा मोठा आधार घेतला जातो.