मेमधलं लग्न, आठ दिवसांची सुट्टी आणि न येणारी ताठरता

कोकणात मे महिन्यातलं लग्न कसं असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. घरात चाळीस माणसं, मुंबईचे चाकरमानी पडवीत आडवे झालेले, ओटीवर पत्त्यांचा डाव, आणि नव्या जोडप्याला दिलेली खोली म्हणजे माजघराला लागून, मधे नुसत्या फळ्या, पलीकडे आजी खोकतेय. नवरा मुलगा अठ्ठावीसचा, दोन रात्रींचं जागरण, सुट्टी मोजून आठ दिवस, आणि सकाळी मित्र डोळे मिचकावत विचारणार हे त्याला पक्कं माहीत. अशा रात्री ताठरता आली नाही तर त्यात नवल ते काय? पण त्या मुलाला तसं वाटत नाही. त्याला वाटतं आपण संपलो.

माझ्या ओळखीतल्या एकाचं अगदी असंच झालं. तो बोटीवर असतो, सहा-सात महिने समुद्रावर आणि मग दोन महिने घरी. पहिली रात्र फसली, दुसऱ्या रात्री ‘आज तरी होईल ना’ हाच विचार डोक्यात, म्हणून तीही फसली, तिसऱ्या रात्री तो उशिरापर्यंत अंगणात मोबाईल बघत बसला. बायकोला वाटलं आपण आवडलो नाही. कोणीच कोणाशी बोललं नाही.

आता शरीरात नेमकं काय होतं ते बघू. आमच्या खाडीला खारबांध आहे आणि बांधाला उघाडी. उघाडी म्हणजे एकाच बाजूला उघडणारं दार. ओहोटीला शेतातलं पाणी ते ढकलून बाहेर जातं, भरतीला खाडीचं पाणीच त्याला दाबून बंद करतं, माणूस लागत नाही. लिंगात साधारण हाच प्रकार असतो. आत स्पंजासारख्या दोन लांब नळ्या आहेत, एरवी त्यांच्यातले स्नायू आवळलेले असतात म्हणून रक्त जेमतेम येतं. उत्तेजना आली की नसांच्या टोकांतून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो, स्नायू सैल पडतात, रक्त भसाभस आत येतं, स्पंज फुगतो आणि फुगता फुगता बाहेरच्या चिवट आवरणाखालच्या शिरा चेपून टाकतो. झालं, बाहेर जायची वाट बंद. आत आलेल्या रक्तानेच दार लावलं. इतका साधा वायू शरीरात असा निरोप्याचं काम करतो हे शोधणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल मिळालं.

म्हणजे गंमत बघा, इथे आवळायचं नाहीये, सैल सोडायचंय. आणि भीती नेमकं उलटं करते. वाटेत फुरसं दिसलं की छाती धडधडते, हातपाय गार पडतात, तेव्हा अंगात अॅड्रेनलिन आणि त्याची भावंडं सुटलेली असतात आणि ती त्या स्पंजाचे स्नायू आवळून धरतात. शरीराला साप कुठला आणि ‘आज जमेल का’ हे टेन्शन कुठलं यातला फरक कळत नाही. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या जोडीने अमेरिकेत यावर खूप काम केलं, त्यांचं म्हणणं असं की असा पुरुष बिछान्यात असतो पण मनाने बाजूला उभा राहून स्वतःलाच बघत असतो, परीक्षक असल्यासारखा. यावरचा त्यांचा उपाय मला अजूनही भारी वाटतो. काही आठवडे संबंध ठेवायचाच नाही! फक्त स्पर्श, जवळ झोपणं, बोलणं. परीक्षाच रद्द झाली की नापास व्हायचं भय उरत नाही. बोटीवाल्याला समुपदेशकाने हेच सांगितलं, तो आधी चिडला की घरी राहायला जेमतेम सात आठवडे उरलेत आणि तुम्ही बंदी घालताय, पण तिसऱ्या आठवड्यात बंदी त्या दोघांनी आपणहून मोडली.

एकदा-दोनदा फसलं म्हणजे आजार नव्हे हेही इथेच सांगून टाकतो. मानसोपचाराच्या पुस्तकी व्याख्येत साधारण सहा महिने आणि दर चार वेळांतल्या किमान तीन वेळा असा त्रास असेल तर त्याला आजार म्हणतात. मनाने खचायला अर्थात एक रात्र पुरते, म्हणून डॉक्टरकडे जायला सहा महिने थांबा असं मी म्हणत नाहीये.

पण ‘तरुण आहेस, सगळं मनाचं आहे, टेन्शन घेऊ नको’ म्हणून पाठीवर थाप मारून घरी पाठवणारेही मला पटत नाहीत. मिलानमधल्या एका क्लिनिकमध्ये ही तक्रार पहिल्यांदाच घेऊन आलेल्या ४३९ पुरुषांचा अभ्यास २०१३ मध्ये छापून आला, त्यात दर चारांतला एक चाळिशीच्या आतला होता आणि त्या तरुणांपैकी जवळजवळ निम्म्यांचा त्रास तीव्र होता. आता ही दवाखान्यात आलेली माणसं, गावातल्या सगळ्यांना हा आकडा लावू नका, पण म्हाताऱ्यांचाच आजार हे काही खरं नाही.

मनाचं की शरीराचं हे ओळखायची एक खूण घरच्या घरी मिळते. निरोगी पुरुषाला झोपेत, स्वप्नांच्या टप्प्यात, रात्रीतून तीन ते पाच वेळा आपोआप ताठरता येते, पहाटेची ती त्यातलीच शेवटची. (लघवी तुंबल्यामुळे येते असं आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं, ते विसरा.) पहाटे व्यवस्थित येते, एकटं असताना येते, पण जोडीदाराबरोबर गायब होते, तर नळ, वायर, पंप सगळं बहुतेक ठीक आहे. पहाटेचीही हळूहळू कमी होत बंद झाली, तर मात्र रक्त तपासायला हवं.

कारण त्या भागातल्या धमन्या जेमतेम १ ते २ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३ ते ४ च्या. साखर, बीपी, कोलेस्टेरॉल, तंबाखू यांनी नळ्या आतून खराब व्हायला लागल्या की बारीक नळी आधी तक्रार करते. कित्येकदा छातीत दुखायच्या दोन-तीन वर्षं आधी. चौतिशीतला आमचा एक आंबेवाला, पोट सुटलेलं, दिवसाला दोन पाकिटं सिगरेट, वर्षभर गुपचूप रस्त्याकडेच्या तंबूतल्या वैदूकडून पुड्या घेत होता, शेवटी तालुक्याच्या डॉक्टरने रक्त तपासलं तर उपाशीपोटी साखर २४०. पुड्यांना गेलेले पैसे तो आकडा म्हणून सांगत नाही, ‘दोन पेट्या हापूस रोज’ एवढंच म्हणतो.

त्या तंबूवाल्यांबद्दल काय बोलावं. ‘लहानपणीच्या चुका’, ‘धातू जातो’, इतक्या थेंब रक्ताचा एक थेंब वीर्य, हे सगळं ऐकून पोरगा आधीच अर्धा मेलेला असतो. वीर्य रक्त आटवून बनत नाही, त्यातला बहुतेक द्रव दोन-तीन ग्रंथींतून येतो आणि शरीर तो आपसूक पुन्हा भरतं. हस्तमैथुनाने नसा सुकत नाहीत. या धातू जाण्याच्या भीतीला मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्र नाथ विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ असं नावच दिलं, म्हणजे भीती हाच आजार. आणि दापोलीजवळच्या मुरुडच्या कर्वे घराण्यातल्या र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक आरोग्यावरचं मासिक चालवून, कोर्टकचेऱ्या अंगावर घेऊन हेच सांगितलं, आणि आम्ही अजून भिंतींवरच्या जाहिराती वाचतोय. त्या ‘शुद्ध आयुर्वेदिक’ पुड्यांत गुपचूप ताठरतेवरची अॅलोपॅथीची गोळी मिसळलेली अनेकदा सापडलीय, किती मिसळली ते देव जाणे.

ती गोळी म्हणजे सिल्डेनाफिल, लोक व्हायग्रा म्हणतात ती. इंग्लंडमध्ये हृदयाच्या कळेवर औषध शोधताना ती हाती लागली, कळेवर फारशी चालली नाही पण घेणाऱ्यांनी भलताच परिणाम सांगितला, १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ती इच्छा आणत नाही. नायट्रिक ऑक्साइडने पाठवलेला निरोप लवकर पुसला जाऊ देत नाही एवढंच तिचं काम, निरोपच निघाला नसेल तर गोळी बसून राहते. तरुणाला काही दिवस आत्मविश्वासापुरती ती डॉक्टर देतात, बिघडत नाही. पण छातीत दुखतं म्हणून नायट्रेटची औषधं चालू असतील तर चुकूनही नको, बीपी धाडकन पडून जीव जाऊ शकतो. आणि चार तासांवर ताठरता उतरली नाही तर लाज सोडून हॉस्पिटल गाठायचं.

जिममध्ये इंजेक्शनं घेणाऱ्यांनी हेही ऐका: बाहेरून टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं, शुक्राणूही घटतात. टेस्टोस्टेरॉन खरंच कमी आहे का हे सकाळच्या रक्तात आणि दोनदा तपासून ठरतं. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही त्रास होतो, मनाने बंद करू नका, डॉक्टर बदलून देतात. लघवी मधेच थांबवताना जे स्नायू आवळतो त्यांच्या व्यायामाला मात्र पैसे पडत नाहीत. इंग्लंडमधल्या ५५ पुरुषांच्या एका प्रयोगात सहा महिन्यांनी ४० टक्के जण पूर्ण बरे झाले.

आपल्याकडे खरी अडचण वेगळीच, तालुक्यात सगळे ओळखीचे. कंपाउंडर शाळेतला, मेडिकलवाला मावसभाऊ. आंबेवाला म्हणून दोन तालुके ओलांडून एसटीने औषध आणायला गेला. साखर आटोक्यात आली होती, हृदय तपासून झालं होतं, डॉक्टरांनी गोळी लिहून दिलेली. आठवड्याने तक्रार घेऊन हजर, ‘गोळयेन कायएक झाला नाय.’

डॉक्टर म्हणाले, ‘जेवून घेतलीस काय?’

‘बायलेन वडे-सागोती केल्यान हुती, ती सोडून बरा दिसात काय?’

तेलकट, खोबऱ्याच्या वाटपाचं जेवण पोटात असलं की ही गोळी चढायला तासभर तरी उशीर होतो आणि चढते तीही कमी. पुढच्या वेळी त्याने आधी गोळी घेतली आणि सागोती सकाळी गरम करून खाल्ली.