रनिंग स्टाफ (भारतीय रेल्वे) : वेतन आणि बढती

चालत्या गाडीवर काम करणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्यांना ‘रनिंग स्टाफ’ म्हणतात. लोको पायलट, सहायक लोको पायलट, मुंबईची लोकल चालवणारे मोटरमन आणि गार्ड हे सगळे त्यात येतात. गार्डांचे अधिकृत नाव २०२२ पासून ‘ट्रेन मॅनेजर’ झाले. फलाटावर मात्र ते अजून गार्डच आहेत.

सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सहायक लोको पायलट लेव्हल २ मध्ये, १९,९०० रुपये मूळ वेतनावर लागतो, तर मालगाडीचा ट्रेन मॅनेजर लेव्हल ५ मध्ये, २९,२०० रुपयांवर. वर महागाई भत्ता, घरभाडे वगैरे नेहमीचे. पण या लोकांच्या घरी हिशेब चालतो तो ‘माइलेज’चा, म्हणजे किलोमीटर भत्त्याचा. दर १०० किलोमीटरला ठरलेल्या दराने तो मिळतो. त्यामुळे एकाच दिवशी नोकरीला लागलेल्या दोघांच्या हातात एकाच महिन्यात वेगवेगळी रक्कम पडते, आणि आजारपणात घरी बसलेल्याला तर फरक लगेच कळतो. या भत्त्यात बाहेरगावचा खर्च आणि मेहनताना दोन्ही मिसळलेले आहेत, असे रेल्वे मानते. म्हणून मूळ वेतनाच्या ३० टक्के रक्कम वेतनच धरून त्यावर महागाई भत्ता काढतात. जुन्या पेन्शन योजनेतल्यांच्या, म्हणजे १ जानेवारी २००४ पूर्वी लागलेल्यांच्या निवृत्तिवेतनासाठी हाच आकडा ५५ टक्के धरला जातो.

सहायक लोको पायलटची भरती रेल्वे भरती मंडळ करते. दहावीनंतर आयटीआय, किंवा अभियांत्रिकीची पदविका अथवा पदवी लागते. लेखी परीक्षेचे दोन टप्पे, मग अभियोग्यता चाचणी, आणि शेवटी दृष्टीची सर्वांत कडक म्हणजे ‘ए-वन’ श्रेणीची तपासणी. जानेवारी २०२४ मध्ये ५,६९६ जागांची जाहिरात निघाली आणि त्याच जूनमध्ये तो आकडा १८,७९९ वर गेला. माणसांची टंचाई किती होती, ते यावरूनच दिसते.

बढतीची शिडी सहायक, वरिष्ठ सहायक, शंटर (यार्डात गाड्या हलवणारा), मालगाडी, पॅसेंजर, मेल-एक्स्प्रेस अशी चढते. गंमत अशी, की मालगाडीचा लोको पायलट झाला की लेव्हल ६ (३५,४०० रुपये) मिळते आणि मेलपर्यंत तीच राहते. वरच्या पायऱ्यांवर थोडा जादा भत्ता असतो. खरी कमाई म्हणजे ठरलेली ‘लिंक’, म्हणजे ड्यूटीचे आधी आखलेले वेळापत्रक. मेलवाल्याला पुढच्या आठवड्यात आपण कुठे असू ते माहीत असते. मालगाडीवाल्याला रात्री दोनला कॉल येतो, लॉबीत, म्हणजे ड्यूटीची हजेरी लावायच्या खोलीत, जाऊन ब्रेथ अ‍ॅनालायझरमध्ये फुंकायचे, वेगमर्यादांचा कागद वाचून सही करायची आणि निघायचे. परत कधी येणार, ते घरी विचारत नाहीत. मोटरमनला केबिनमध्ये सहायक नसतो, पण बहुतेक दिवस तो आपल्या घरी झोपतो.

शिडी चढायला किती वर्षे लागतात? साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ मध्ये सहायक म्हणून रुजू झाल्या, २००० मध्ये लोकल चालवू लागल्या, २०१० मध्ये घाटात गेल्या आणि ८ मार्च २०११ रोजी त्यांनी पुण्याहून डेक्कन क्वीन मुंबईला आणली. कर्जत-लोणावळा घाटात ३७ मीटरला १ मीटर चढ आहे. तिथे वेगळ्या प्रशिक्षणाशिवाय गाडी हाती देत नाहीत. मेलच्याही पुढे लोको निरीक्षकाचे लेव्हल ७ चे पद असते.

कामाच्या तासांचे भांडण जुने आहे. लोको कर्मचाऱ्यांनी १९७३ मध्ये संप केला तो दहा तासांच्या ड्यूटीसाठी, आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात देशभर रेल्वे थांबली.

उतरण मात्र एका झटक्यात होऊ शकते. लाल सिग्नल ओलांडला तर बडतर्फीपर्यंत शिक्षा होते. म्हणून केबिनमध्ये दोघेही प्रत्येक सिग्नलचा रंग हात दाखवून मोठ्याने उच्चारतात. वय वाढते तशी डोळ्यांची तपासणीही लवकर लवकर येते. त्यात नापास झालेल्याला नोकरीवरून काढत नाहीत, दुसरे बैठे पद देतात. नवे वेतन ठरवताना ते ३० टक्के धरतात. माइलेज मात्र त्या दिवसापासून बंद.