कर्नल अपडेटनंतर एसएसडी मंदावणे

लिनक्सचा कर्नल (यंत्राचे भाग हाताळणारा प्रणालीचा गाभा) अपडेट झाल्यावर, यंत्रात दुसरे काहीही बदललेले नसताना, एसएसडीवरचे (चिपवर माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हवरचे) वाचन-लेखन रेंगाळू लागणे. मुंबईकर ही तक्रार घेऊन बहुधा लॅमिंग्टन रोड गाठतो (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) आणि ‘ड्राइव्ह गेली, नवी टाका’ असे ऐकून परततो. ड्राइव्ह क्वचितच गेलेली असते. बऱ्याचदा बदललेली असते ती कर्नलची तिला हाताळण्याची रीत.

पहिली तपासणी फुकटची आहे. उबुंटू, डेबियन वगैरे वितरणे आधीचा कर्नल ठेवून देतात. चालू होताना ग्रब या बूट-प्रोग्रामच्या मेन्यूतून तो निवडावा आणि दोन्ही कर्नलवर तेच मोजमाप तीन-चार वेळा घ्यावे. वेग मोजणाऱ्या एचडीपार्म (hdparm) या आज्ञेत छोटा टी (-t) हा पर्याय डिस्क मोजतो, मोठा टी (-T) रॅममधली कॅशे, म्हणजे तात्पुरती साठवण. मोठ्या टीचा आकडा पाहून निर्धास्त होणारे पुष्कळ भेटतात. जुन्या कर्नलवरही वेग तितकाच कमी आला, तर कर्नल निर्दोष.

फरक पडलाच, तर आधी आय-ओ शेड्यूलर, म्हणजे वाचन-लेखनाच्या विनंत्यांचा क्रम लावणारा कर्नलचा भाग, पाहावा. २०१९च्या ५.० आवृत्तीत एकाच रांगेची जुनी व्यवस्था काढली गेली आणि तिच्याबरोबर सीएफक्यू हा शेड्यूलरही गेला. उरले एमक्यू-डेडलाइन, बीएफक्यू, कायबर आणि ‘नन’, म्हणजे शेड्यूलरच नाही. वेगवान एनव्हीएमईला (पीसीआय-एक्स्प्रेसने जोडलेल्या एसएसडीला) सहसा ‘नन’च मानवतो, बीएफक्यू लावल्यास प्रत्येक विनंतीमागे प्रोसेसरचा वेळ जातो. सीएफक्यूचे नाव लिहिलेली जुनी सेटिंग मात्र फाइलीत तशीच पडून राहते आणि मालकाला वाटते, ती अजून लागू आहे.

दुसरे कारण वीजबचत. ४.११पासून (२०१७) एनव्हीएमई ड्राइव्ह रिकामी असली की स्वतःहून झोपेत जाऊ शकते. मोठी फाइल झरझर कॉपी होते, पण थोडा वेळ थांबून काही उघडले की यंत्र क्षणभर अडखळते, ही त्याची खूण. बूटच्या वेळी विलंबाची कमाल मर्यादा शून्य देऊन ही झोप बंद करता येते. लॅपटॉपची बॅटरी थोडी लवकर उतरते, इतकेच.

साटा ड्राइव्ह (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) असेल तर डीमेसेगमधली, म्हणजे कर्नलच्या नोंदींमधली, लिंकची ओळ वाचावी. ६ गिगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइट मिळतात, ३ गिगाबिटवर त्याच्या निम्मे. वारंवार चुका आल्या की कर्नल वेग स्वतःच उतरवतो, आणि तशी नोंदही करतो. दोष तेव्हा केबलचा किंवा खाऱ्या, दमट हवेत काळवंडलेल्या पिनांचा असतो. अपडेटच्या निमित्ताने झालेल्या रीबूटमुळे तो नेमका त्या दिवशी उघडा पडतो. मे महिन्यात पंख्याखालच्या खोलीत तापलेली एनव्हीएमईही स्वतःचा वेग उतरवते. त्याचे खापर कर्नलवर फोडू नये.

ट्रिमची आज्ञा (कोणती जागा आता वापरात नाही हे ड्राइव्हला कळवणारी) पोहोचत नसेल तर लेखन हळूहळू मंदावते, एका रात्रीत नव्हे. लक्स या लिनक्सच्या पद्धतीने कूटबद्ध केलेल्या डिस्कवर ती मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय आत जात नाही. जानेवारी २०१८मध्ये उघड झालेल्या मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीवरील बंदोबस्तामुळेही लहान-लहान वाचन-लेखन महागले, पण वेगासाठी तो काढून टाकणे शहाणपणाचे नाही.

यांपैकी काहीच लागू नसेल तर गिट बायसेक्ट, म्हणजे बदलांची यादी निम्मी-निम्मी करत दोषी बदल शोधणारी आज्ञा. कर्नलच्या लागोपाठच्या दोन आवृत्त्यांमध्ये दहा हजारांहून अधिक बदल असतात. दर वेळी मधला कर्नल बांधून, चालवून, मोजून यादी निम्मी करत गेले की सुमारे चौदा फेऱ्यांत दोषी बदल सापडतो. जुन्या लॅपटॉपवर एकेका फेरीला तासनतास लागू शकतात.