वॉरन, विल्यम द

(मृत्यू : २४ जून १०८८). नॉर्मंडीतील सरदार आणि इंग्लंडमधील सरेचा पहिला अर्ल. घराण्याचे नाव उत्तर नॉर्मंडीतील व्हारेन या नदीकाठच्या ठिकाणावरून पडले. विल्यम हा रोडुल्फ याचा धाकटा मुलगा असल्याने वडिलार्जित मिळकतीतून फारसे हाती लागण्याजोगे नव्हते. त्याचा उत्कर्ष नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम (पुढे इंग्लंडचा जेता राजा) याच्या चाकरीत झाला. मॉर्तमेरच्या लढाईनंतर (१०५४) रॉजर दे मॉर्तमेर या आप्ताने शत्रुपक्षाच्या एका सरदाराला आश्रय दिल्यामुळे त्याच्यावर ड्यूकची इतराजी झाली आणि त्याची मॉर्तमेरची गढी वॉरनकडे आली. ड्यूक विल्यमने इंग्लंड जिंकले त्या हेस्टिंग्जच्या लढाईतील (१०६६) ज्या मोजक्या सरदारांची उपस्थिती समकालीन वृत्तान्तावरून निश्चित करता येते, त्यांत त्याचा समावेश होतो. ससेक्समधील लूइस, नॉरफोकमधील कॅसल एकर आणि यॉर्कशरमधील कॉनिसब्रो ही त्याच्या जहागिरीतील प्रमुख ठाणी. अर्लांचे १०७५ चे बंड राजाच्या अनुपस्थितीत मोडून काढण्यात रिचर्ड फिट्झ गिल्बर्टबरोबर त्याचा पुढाकार होता.

त्याची पत्नी गुंड्राडा हिच्या कुळाविषयी दीर्घकाळ वाद झाला. या दांपत्याने स्थापलेल्या लूइस मठाच्या काही सनदांत ती जेत्या विल्यमची पत्नी राणी मटिल्डा हिची कन्या असल्याचे म्हटले आहे आणि त्यावरून ती खुद्द विल्यमचीच मुलगी असल्याची समजूत रूढ झाली. १८४६ मध्ये टॉमस स्टेपल्टन यांनी मध्यममार्ग काढून ती मटिल्डाची आधीच्या विवाहातील कन्या असावी, असे प्रतिपादन केले. एडवर्ड फ्रीमन यांनी १८८८ मध्ये ते नाकारले. निर्णायक ठरावा असा पुरावा कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याच्या एका पत्रात सापडतो. गुंड्राडाचा मुलगा दुसरा विल्यम आणि जेत्या विल्यमचा मुलगा राजा पहिला हेन्री याची कन्या यांच्या विवाहाला अँसेल्मने हरकत घेतली, ती वधूवर एका बाजूने चौथ्या आणि दुसऱ्या बाजूने सहाव्या पिढीत सगोत्र ठरतात म्हणून. गुंड्राडा राजाची किंवा राणीची मुलगी असती, तर हेन्री हा तिचा भाऊ आणि वधूवर सख्खी आतेमामे भावंडे ठरली असती. इतके जवळचे नाते सोडून आर्चबिशपने चार-सहा पिढ्यांमागचे नाते उकरून काढले असते, हे संभवत नाही. इतिवृत्तकार ऑर्डरिक व्हिटालिस तिला फ्लँडर्सच्या गेर्बोड या सरदाराची बहीण म्हणतो आणि तेच ग्राह्य धरणे इष्ट. तिचा भाऊ फ्रेडरिक याला १०७० च्या सुमारास नॉर्मन सत्तेविरुद्ध लढणाऱ्या हेरवर्ड या इंग्रज बंडखोराने ठार केले. फ्रेडरिकची नॉरफोकमधील जमीन पुढे वॉरनकडे गेली.

रोमच्या यात्रेला निघालेले हे दांपत्य पोप आणि सम्राट यांच्यातील संघर्षामुळे वाटेत अडले आणि फ्रान्समधील क्लूनीच्या मठात राहिले. तेथील आदरातिथ्याने व शिस्तीने भारावून त्यांनी १०७७ च्या सुमारास लूइस येथे क्लूनी पंथाचा इंग्लंडमधील पहिला मठ स्थापन केला. क्लूनीहून लांझो आणि आणखी तीन भिक्षू आले. गुंड्राडाचे २७ मे १०८५ रोजी कॅसल एकर येथे प्रसूतीत निधन झाले. १०८८ च्या बंडात वॉरन जेत्या विल्यमचा मुलगा व वारस राजा विल्यम रूफस याच्या बाजूने उभा राहिला, अर्ल झाला आणि पेव्हेन्सीच्या वेढ्यात लागलेल्या जखमेने त्याच वर्षी मरण पावला. १८४५ मध्ये मठाच्या जागेतून लोहमार्ग खोदताना दोघांच्या अस्थी ठेवलेल्या, नावे कोरलेल्या शिशाच्या दोन लहान पेट्या मिळाल्या. गुंड्राडाच्या थडग्यावरील तूर्ने येथील काळ्या दगडाची शिळा त्याआधीच आइसफील्डच्या चर्चमध्ये, भलत्याच थडग्यावर बसवलेली आढळली होती. पर्णाकृती आणि सिंहमुखे कोरलेली ही शिळा तिला ड्यूकांच्या वंशातील म्हणते. परंतु ती तिच्या मृत्यूनंतर सुमारे साठ वर्षांनी घडवलेली असल्याने कुळाच्या वादात तिला फारसे वजन देता येत नाही. शिळा व पेट्या आता लूइसमधील साउथओव्हरच्या चर्चमध्ये आहेत.

वॉरनला विल्यम व रेजिनल्ड हे मुलगे आणि ईडिथ ही मुलगी होती. दुसरा विल्यम (मृत्यू ११३८) याची कन्या अ‍ॅडा ही स्कॉटलंडचे राजे चौथा मॅल्कम व विल्यम द लायन यांची आई. नातू तिसरा विल्यम दुसऱ्या धर्मयुद्धात ११४८ मध्ये मारला गेला आणि वारसा त्याची मुलगी इसाबेल हिच्याकडे गेला.